स्वप्नराज्याचा जमाखर्च

बोस्टन शहरात संध्याकाळी पाऊस लागला आहे आणि जेवायला बाहेर निघालेल्या कुटुंबातील कोणाच्याही हातात छत्री नाही. पदपथांवर एक लांबलचक आच्छादन उतरवलेले आहे आणि त्याखालून बायका-पुरुष नटूनथटून, कोरड्या अंगाने, गप्पा मारत सार्वजनिक भोजनगृहाकडे चालले आहेत. पुढे चाललेले घरातले वडील मागे वळून पाहुण्याला आपली एक आवडती उपमा सांगतात: एकोणिसाव्या शतकात पाऊस आला की बोस्टनचे लोक तीन लाख डोक्यांवर तीन लाख छत्र्या धरत, विसाव्या शतकात ते सगळ्या डोक्यांवर मिळून एकच छत्री धरतात. एडवर्ड बेलामी या अमेरिकी लेखकाच्या 'लुकिंग बॅकवर्ड' या 1888 च्या कादंबरीतील हा प्रसंग आहे. सार्वजनिक सोय म्हणजे काय आणि ती एकेकट्याने विकत घेतलेल्या सोयीपेक्षा स्वस्त का पडते, हे समजावण्यासाठी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला एक प्रकरण खर्ची घालावे लागते. बेलामींनी ते एका पावसात सांगितले.

अशा लेखनाला आपण युटोपिया म्हणतो. टॉमस मोर यांनी 1516 मध्ये हा शब्द घडवला तेव्हा त्याचा अर्थ 'कुठेही नसलेली जागा' असा होता, आणि त्या अर्थामुळेच तो पुढे हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. एखादी सूचना व्यवहारात उतरणार नाही असे म्हणायचे असेल की ती 'युटोपियन' आहे असे म्हणून आपण चर्चा संपवतो. मोर यांच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मात्र कुठल्याही काल्पनिक बेटाविषयी नाही. तो त्यांच्या काळच्या इंग्लंडविषयी आहे. लोकरीच्या व्यापारासाठी शेतजमिनींना कुंपणे घातली गेली, कुळे देशोधडीला लागली, पोटासाठी चोरी करणाऱ्यांना फासावर चढवले जाऊ लागले, आणि मेंढ्याच माणसे खाऊ लागल्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. बेट नंतर येते. आधी जमिनीच्या मालकीचा प्रश्न येतो. हा क्रम लक्षात ठेवला तर या लेखनप्रकाराचे मूळ काम काय हे कळते. माझे म्हणणे असे आहे की आदर्श राज्याची कथा हे राजकीय आणि आर्थिक सुधारणेचे खरेखुरे साधन आहे, पण ते चालते ते त्यातील रम्य चित्रामुळे नव्हे, तर त्या चित्रामागे मांडलेल्या जमाखर्चामुळे; आणि वाचकांनी जमाखर्च टाकून केवळ चित्र उचलले की सुधारणा तिथेच थांबते. बेलामींच्या कादंबरीचा पुढचा प्रवास याचा इतका स्पष्ट दाखला आहे की तो जरा सविस्तर पाहणे योग्य होईल.

बेलामी 1850 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील चिकोपी फॉल्स या गिरणीगावात जन्मले आणि बहुतेक आयुष्य त्यांनी तिथेच काढले. पेशाने ते पत्रकार होते. 1873 ची मंदी, 1877 चा रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप, 1886 मध्ये शिकागोच्या हेमार्केट चौकातला स्फोट आणि त्यानंतर नोव्हेंबर 1887 मध्ये चार कामगार पुढाऱ्यांना दिलेली फाशी, हा सगळा काळ त्यांनी पाहिला होता. फाशीनंतर दोनच महिन्यांनी त्यांची कादंबरी बाहेर पडली. तिचा नायक ज्युलियन वेस्ट हा तीस वर्षांचा, वडिलोपार्जित पैशावर जगणारा बोस्टनकर आहे, आणि कामगारांच्या संपांमुळे त्याच्या घराचे बांधकाम रखडले व त्यापायी लग्न लांबले म्हणून तो संपकऱ्यांवर चिडलेला आहे. निद्रानाशावर संमोहनाचा उपचार घेऊन तो 1887 मध्ये झोपतो आणि 2000 साली जागा होतो.

निवेदकाची ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. बेलामींनी कामगाराला निवेदक केले नाही, कारण कामगाराला पटवण्याची गरज नव्हती. ज्याला पटवायचे होते तो वाचक ज्युलियन वेस्टसारखा होता. पहिल्याच प्रकरणात हा निवेदक आपल्या काळच्या समाजाची तुलना एका अवजड गाडीशी करतो. खडबडीत, रेताड वाटेवरून बहुसंख्य माणसे ती गाडी दोरखंडाने ओढत आहेत, भूक हा तिचा सारथी आहे, आणि वर गार वाऱ्यात बसलेल्या प्रवाशांना खालच्यांची कणव येते, ते त्यांना धीराचे शब्द ऐकवतात, जखमींसाठी मलमपट्टीची वर्गणी काढतात, पण गाडीची रचना बदलता येईल असे मात्र त्यांच्या मनात येत नाही, कारण आपण ओढणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मातीचे आहोत असा त्यांचा समज झालेला असतो. दयाळू माणूस अन्यायात कसा सामील असतो, हे इतक्या कमी शब्दांत आणि वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता सांगणारा मजकूर मी फार थोडा वाचला आहे.

यानंतर कादंबरीत जे येते ते हिशेबाचे काम आहे. सन 2000 च्या राष्ट्रात सगळे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे आहेत. प्रत्येक नागरिक एकविसाव्या वर्षी 'औद्योगिक सेने'त दाखल होतो, पहिली तीन वर्षे पडेल ते काम करतो, मग आवडीचा व्यवसाय निवडतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होतो. राष्ट्राच्या वार्षिक उत्पादनातील समान वाटा प्रत्येकाच्या नावे जमा होतो आणि तो एका पुठ्ठ्याच्या कार्डावर खर्च करता येतो. बेलामींनी त्याला 'क्रेडिट कार्ड' हेच नाव दिले होते. आता खरा अवघड प्रश्न येतो: सगळ्यांना सारखेच मिळणार असेल तर खाणीत कोण उतरेल? कादंबरीचे उत्तर असे की जे काम जितके कष्टाचे, तितके त्याचे तास कमी. एखाद्या कामाकडे कोणी फिरकत नसेल तर तास कमी करत जायचे, ज्याच्याकडे झुंबड उडते त्याचे वाढवत न्यायचे, आणि सगळीकडे उमेदवार पुरेसे मिळेपर्यंत हा तराजू हलवत राहायचे. हे उत्तर पूर्णपणे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते तपासता येते, खोडता येते, सुधारता येते, आणि गटार साफ करणाऱ्याने कारकुनापेक्षा कमी तास काम करून तेवढेच का कमवू नये, असा प्रश्न ते वाचकाच्या डोक्यात कायमचा सोडून जाते.

लाखो प्रती खपल्या. पण खपापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की वाचकांनी पुस्तक मिटल्यावर सभा भरवल्या. 1888 मध्येच बोस्टनमध्ये पहिला 'नॅशनॅलिस्ट क्लब' निघाला आणि तीनेक वर्षांत अमेरिकेत असे दीडशेहून अधिक क्लब उभे राहिले. मराठी वाचकाने हे नाव 'राष्ट्रवादी मंडळ' असे वाचू नये. इथे त्याचा अर्थ उद्योगांचे राष्ट्रीयीकरण मागणारे मंडळ असा आहे. बेलामींनी 'समाजवाद' हा शब्द जाणूनबुजून टाळला, कारण सर्वसाधारण अमेरिकी माणसाला त्या शब्दाला घासलेटाचा वास येतो आणि लाल झेंडा दिसतो, असे त्यांनी एका पत्रात म्हटले होते. या मंडळांनी पुढे काय केले? त्यांनी औद्योगिक सेनेची मागणी केली नाही. त्यांनी कादंबरीतून एक छोटे कलम वेगळे काढले, ते म्हणजे गॅस आणि वीज पुरवणाऱ्या यंत्रणा शहराच्या मालकीच्या असाव्यात, आणि त्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे नेटाने खटपट केली. 1891 मध्ये तसा कायदा झाला. त्या राज्यातील चाळीसच्या आसपास नगरपालिकीय वीज-यंत्रणा आजही लोकांच्याच मालकीच्या आहेत. 1892 मध्ये ओमाहा येथे पीपल्स पार्टीने आपला जाहीरनामा काढला तेव्हा त्यात रेल्वे, तार आणि टेलिफोन सरकारी मालकीचे करणे, चढत्या दराचा प्राप्तिकर लावणे आणि टपाल बचत बँका काढणे या मागण्या होत्या. त्या पक्षाचा कणा कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या संघटनांचा होता आणि बेलामींचे अनुयायी त्यातील एक लहान घटक होते, हे सांगितलेच पाहिजे. पण शहरातल्या शिक्षकाला, डॉक्टरला, वकिलाला शेतकऱ्याच्या मागणीत अर्थ दिसू लागला त्यामागे या कादंबरीने केलेली मशागत होती.

युटोपियावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. मार्क्स यांनी भविष्यातल्या भटारखान्यांसाठी पाककृती लिहायला नकार दिला होता, आणि एंगल्स यांनी 1880 च्या आपल्या पुस्तिकेत स्वप्नाळू समाजवाद आणि शास्त्रीय समाजवाद अशी विभागणीच केली. त्यांच्या मते भविष्याचे आराखडे काढत बसण्यापेक्षा वर्तमानातील वर्गसंघर्ष समजून घेणे हे काम आहे. उलट बाजूने कार्ल पॉपर यांनी 1945 मध्ये असा इशारा दिला की संपूर्ण समाजाचा नकाशा हातात घेऊन निघालेला सुधारक शेवटी त्या नकाशात न बसणारी माणसे दूर करू लागतो, म्हणून सुधारणा एकेका दुखण्यावर, तुकड्यातुकड्याने व्हावी. विसाव्या शतकाने पॉपर यांच्या इशाऱ्याला जी जड पुष्टी दिली ती कोणालाही नाकारता येणार नाही. तरीही मॅसॅच्युसेट्समध्ये घडले ते पाहा: एका संपूर्ण स्वप्नाने लोकांना हलवले आणि त्या लोकांनी केलेली सुधारणा मात्र अगदी तुकड्याची होती, एका शहराच्या दिवाबत्तीची. स्वप्न पूर्ण आकाराचे असले म्हणून त्याची अंमलबजावणीही एका घासात करावी लागते असे नाही. कादंबरीतले राज्य जसेच्या तसे वसवायला निघालेल्यांची गत वेगळी झाली. एतिएन काबे यांनी 1840 मध्ये 'इकारिया' नावाच्या देशाची कथा लिहिली आणि 1848 मध्ये त्यांचे फ्रेंच अनुयायी टेक्सासच्या माळरानावर तो देश वसवायला गेले. ताप आणि उपासमार सोसून ते पुढे इलिनॉयमधील नॉवू गावी स्थिरावले, तिथे खुद्द काबे यांच्या अधिकारावरून फूट पडली आणि 1856 मध्ये आपल्याच वसाहतीतून बाहेर पडावे लागलेला हा माणूस सेंट लुइसमध्ये वारला. कलम उचलणे आणि देखावा उभारणे यांतला फरक मला याहून स्पष्ट करता येणार नाही.

बेलामींच्या कादंबरीत मोठे दोष आहेत आणि त्यांकडे डोळेझाक केली तर हे साधन वापरण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. तिच्या राष्ट्रात अध्यक्षाची निवड औद्योगिक सेनेत नसलेले, मुख्यतः तिच्यातून निवृत्त झालेले लोक करतात. सेनेत काम करणाऱ्या माणसाला आपल्या सर्वोच्च अधिकाऱ्याविषयी मत देता येत नाही, कारण त्याने शिस्त बिघडेल. आर्थिक समतेच्या बदल्यात राजकीय मौन घेतले गेले आहे. दुसरा दोष मला अधिक सलतो. 1887 च्या बोस्टनमध्ये ज्युलियन वेस्टची सेवा करणारा सॉयर हा कृष्णवर्णीय नोकर आहे. मालकाला संमोहित निद्रेतून उठवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. सन 2000 मध्ये मालक जागा होतो, सॉयर मात्र त्या रात्रीच्या आगीत मेला असावा असे एका ओळीत गृहीत धरले जाते, आणि त्यानंतर त्या आदर्श राष्ट्रात कृष्णवर्णीय माणूस कुठेच दिसत नाही. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती. गाडी ओढणाऱ्यांविषयी इतके ओलाव्याने लिहिणाऱ्या लेखकाला त्यांतले सर्वांत खालचे ओढणारे दिसू नयेत, ही त्या स्वप्नाच्या जमाखर्चातील गाळलेली नोंद आहे.

तिसरा दोष वाटेविषयीचा आहे. हे सगळे कसे घडले, असे नायक विचारतो तेव्हा यजमान डॉक्टर लीट सांगतात की मक्तेदार कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या, शेवटी एकच महाकंपनी उरली, ती राष्ट्राने ताब्यात घेतली, आणि लोकमत परिपक्व झालेले असल्यामुळे रक्ताचा थेंबही सांडला नाही. नायक झोपेत असताना क्रांती उरकली गेली. इंग्लंडमधील कवी, कारागीर आणि समाजवादी कार्यकर्ते विल्यम मॉरिस यांना हे मुळीच पटले नाही. 1889 मध्ये त्यांनी या कादंबरीवर कडक टीका लिहिली आणि 1890 मध्ये उत्तरादाखल 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ही स्वतःची कथा क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वांत लांब प्रकरणाचा विषय आहे 'बदल कसा झाला'. त्यात 1952 साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात निःशस्त्र जमावावर झालेल्या गोळीबाराचे, सार्वत्रिक संपाचे, यादवीचे वर्णन येते. मॉरिस स्वतः 13 नोव्हेंबर 1887 च्या त्या 'रक्तरंजित रविवारी' त्याच चौकाकडे निघालेल्या मोर्चात होते आणि पोलिसांनी तो कसा उधळला हे त्यांनी पाहिले होते. वाट लिहिताना त्यांच्या हाताशी अनुभव होता. मला मॉरिस यांचे अर्थकारण बेलामींइतके काटेकोर वाटत नाही. त्यांच्या हिरव्यागार इंग्लंडमध्ये वस्तू कोण किती बनवणार हे बरेचसे आनंदावर सोडून दिलेले आहे. पण वाटेचे प्रकरण त्यांनी लिहिले आणि बेलामींनी ते टाळले, हा फरक पुढच्या शंभर वर्षांच्या राजकारणात महत्त्वाचा ठरला.

बेलामींच्या वाचकांपैकी एक होते एबेनेझर हॉवर्ड, लंडनच्या पार्लमेंटमधील भाषणे लघुलिपीत टिपून घेणारे साधे गृहस्थ. 1888 मध्ये त्यांनी हे पुस्तक वाचले आणि ते इंग्लंडमध्ये प्रकाशित व्हावे म्हणून स्वतः खटपट केली. दहा वर्षांनी, 1898 मध्ये, त्यांनी जे पुस्तक लिहिले त्याच्या नावाचा अर्थ 'उद्या: खऱ्या सुधारणेकडे जाणारा शांततेचा मार्ग' असा होतो. त्यात कथा नाही, फक्त हिशेब आहे. 6,000 एकर शेतजमीन एकरी 40 पौंडांनी, म्हणजे 2,40,000 पौंडांना, चार टक्के व्याजाच्या कर्जरोख्यांवर घ्यायची. विश्वस्तांच्या नावे ठेवायची. तिच्यावर 32,000 लोकांचे शहर वसवायचे. शहर वसले की जमिनीची किंमत वाढते. ही वाढ जमीनदाराने निर्माण केलेली नसते, तिथे राहायला आलेल्या माणसांनी निर्माण केलेली असते. म्हणून ती भाड्याच्या रूपाने शहराच्याच तिजोरीत यावी, तिच्यातून कर्ज फिटावे आणि कर्ज फिटल्यावर शाळा, दवाखाने, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन यांवर खर्च व्हावी. बागा, रुंद रस्ते आणि शहराभोवतीचा शेतीचा पट्टा हे सगळे या एका आर्थिक कलमावर उभे होते. 1902 मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा नाव बदलून 'उद्याची उद्याननगरे' असे झाले. 'सुधारणा' हा शब्द मुखपृष्ठावरून गेला आणि 'उद्यान' हा शब्द आला. पुढच्या सबंध शतकाची कथा त्या नावबदलात सामावली आहे असे मला वाटते.

1903 मध्ये लेचवर्थ येथे पहिले उद्याननगर सुरू झाले, तेही पैसे उभे करण्यासाठी भागधारकांची कंपनी काढून आणि लाभांशावर पाच टक्क्यांची मर्यादा घालून. 1960 च्या सुमारास बाहेरच्या भांडवलदारांनी ती कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गावकऱ्यांनी पार्लमेंटपर्यंत धाव घेऊन 1962 मध्ये वेगळा कायदा करवून घेतला आणि जमीन सार्वजनिक महामंडळाकडे गेली. 1995 पासून ती एका धर्मादाय संस्थेकडे आहे आणि भाड्याचे उत्पन्न अजूनही त्या गावावरच खर्च होते. कलम टिकले ते ते टिकवण्यासाठी कोणीतरी भांडले म्हणून. जगभर पसरली ती मात्र फक्त बाग.

ही लाट मुंबईपर्यंत आली हे फारसे सांगितले जात नाही. उद्याननगर चळवळीच्या रेट्याने ब्रिटनमध्ये 1909 चा नगररचना कायदा झाला आणि त्याच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात 1915 चा नगररचना कायदा आला, हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र करून, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून, मूळ मालकांना आखीव अंतिम भूखंड परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीतील काही वाटा योजनेच्या खर्चासाठी वसूल करायचा, ही त्याची पद्धत होती. हॉवर्ड यांचे कलम त्यात पातळ होऊन का होईना उतरले होते. आज 'टी. पी. स्कीम', म्हणजे नगररचना योजना, हे शब्द आपल्याला भूखंडांच्या जाहिरातींतून माहीत आहेत, आणि 'गार्डन सिटी' हे नाव पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांच्या कमानींवर झळकते. त्या कमानीच्या आत हिरवळ असते, पण वाढलेली किंमत कोणाची हा प्रश्न नसतो.

नवी मुंबईत तो प्रश्न होता. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली तेव्हा योजनेचे तत्त्व असे होते की संपादित जमिनीची किंमत शहर वसल्यावर वाढेल आणि त्या वाढीतूनच रस्ते, पाणी आणि रेल्वे उभी राहील. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी, भातखाचरे आणि मिठागरे या नकाशाखाली गेली. शहराचे चित्र देखणे होते, हिशेबही मांडलेला होता; पण ज्यांच्या जमिनीवर तो मांडला त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना त्यात वाढत्या किमतीचा वाटेकरी धरलेले नव्हते. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटले, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जे प्रकरण बेलामींनी लिहायचे टाळले ते इथे शेतकऱ्यांना स्वतः लिहावे लागले. विकासाचा प्रत्येक मोठा आराखडा ही एक प्रकारची आदर्श राज्याची कथाच असते. फरक इतकाच की तिच्यात माणसे नसतात, टक्केवारी असते, आणि माणसे नसल्यामुळे कोण गाळले गेले हे वाचणाऱ्याला दिसत नाही. कादंबरीला ही पळवाट नाही. तिला कोणाचा तरी एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत दाखवावाच लागतो, भांडी कोण घासते हे सांगावेच लागते, आणि तिथे लेखकाचे आंधळेपण उघडे पडते. सॉयरची अनुपस्थिती आपल्याला दिसते ती तो आधी कथेत होता म्हणून.

गाळल्या गेलेल्यांनी स्वतः स्वप्न पाहिले की ते कसे दिसते, याची उदाहरणे आपल्या भूमीत आहेत. संत रविदासांनी पाच शतकांपूर्वी 'बेगमपुरा' या शहराचे पद रचले. त्या दुःखाविना असलेल्या शहरात मालावरच्या कराची धास्ती नाही, कोणी दुय्यम-तिय्यम नाही आणि वाटेल तिथे फिरायला कोणाची आडकाठी नाही. ज्याला रस्त्याने मोकळे चालणेसुद्धा नाकारले जात होते त्या माणसाच्या नकाशात मोकळे फिरणे हे महत्त्वाचे कलम असणारच. 1905 मध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी कथा इंग्रजीत लिहिली. तिच्यातील देशात पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत, स्त्रिया विद्यापीठे चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि त्याच उष्णतेने शत्रूचे सैन्य परतवतात. तिथे बदल कसा झाला तेही सांगितले आहे: आधी राणीने मुलींच्या शाळा काढल्या. 1911 मध्ये लेखिकेने कोलकात्यात आठ मुलींची शाळा सुरू केली. कथेतले पहिले कलम तिने स्वतःच अमलात आणले.

कथेविना लिहिलेले स्वप्नही आपल्याकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई हे बेलामींचे मोठे चाहते होते. 1934 मध्ये त्यांनी बेलामींवर गौरवाचा लेख लिहिला, आणि पुढच्या वर्षी मागल्या अर्धशतकातील सर्वांत प्रभावी पुस्तकांची यादी करताना त्यांनी मार्क्स यांच्या 'कॅपिटल'नंतर 'लुकिंग बॅकवर्ड'ला स्थान दिले. गुरूची ही आवड शिष्यापर्यंत पोचली होती असा माझा दावा नाही. पण 1947 मध्ये आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात जे मांडले ते बेलामींच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचे. शेतजमीन सरकारच्या मालकीची, ती गावकऱ्यांना जातिधर्माचा भेद न करता सामुदायिक शेतीसाठी द्यायची, अशा रीतीने की जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर यांपैकी कोणीच उरू नये. आणि हे सगळे संविधानातच लिहायचे, म्हणजे बदलत्या बहुमताला ते सहज पुसता येणार नाही. जे बेलामींनी गाळले होते तिथूनच आंबेडकर सुरुवात करतात, आणि वाट म्हणून लोकमताच्या परिपक्वतेवर न विसंबता कायद्याचे कलम मागतात. ते कलम संविधानात आले नाही.

मराठी कादंबरीने सुधारणेचे काम मनापासून केले आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ने 1857 मध्ये विधवांचे हाल मांडले. मॉरिस यांची कथा लंडनमध्ये क्रमशः येत होती त्याच 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' छापू लागले. जखम दाखवण्याची ही परंपरा पुढे दलित साहित्याने आणि ग्रामीण साहित्याने इतकी सखोल केली की तिच्यापुढे मान लववावी. पण जखम भरून आल्यावरचा दिवस कसा असेल, हे आपण फारसे लिहिले नाही, आणि त्याची किंमत आपले राजकारण मोजत आहे: अन्याय आपल्याला बारकाव्यांनिशी माहीत असतो, मागणी मात्र अनुदान, भाववाढ आणि चौकशी समिती यांच्यापुढे जात नाही, कारण त्यापुढचे काही कोणी डोळ्यांसमोर उभे केलेले नसते.

सहकारी साखर कारखानदारी ही एके काळी अशीच एक उभी केलेली दुनिया होती. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे सुरू केले, त्यात ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक होणार होता, आणि तो झालाही. ऊस तोडणारा मात्र सभासदांच्या यादीत नव्हता. बीडहून दर हंगामात निघणारे नवरा-बायकोचे जोडपे आजही हिशेबात 'एक कोयता' म्हणून धरले जाते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही, आणि पाचटाच्या कोपीत लेकराची शाळा सुटते ती सुटतेच. उद्या कोणी मराठीत स्वप्नराज्याची कादंबरी लिहायला घेतली तर ती या कोपीत सुरू व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या बाईच्या नावावर कारखान्याचा भाग आहे, कोयत्याचा दर ठरवणाऱ्या बैठकीत ती बसलेली आहे, तोडणीचे तास कारखान्याच्या कचेरीतल्या तासांहून कमी आहेत, उचलीची जागा कोणत्या पतपेढीने किती व्याजाने घेतली हे आकड्यांत सांगितलेले आहे, आणि मुकादमाची व्यवस्था कोणत्या हंगामात, कोणाच्या संपाने, कोणते नुकसान सोसून मोडली, याचे एक लांब प्रकरण तिच्यात आहे.